आखाजीच्या आधीचा शेतसारा

हिंगळवाडं हे पांझरेच्या काठचं गाव. काळी जमीन, बाजरी अन् कापूस, नदीला वर्षातले चार महिने पाणी. सांगण्यासारखं गावात फारसं काही नव्हतं. पण एका गोष्टीचा गावाला असा तोरा होता की शेजारपाजारची गावं त्यापायी जळायची. हिंगळवाड्याचा शेतसारा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तिजोरीत पडायचा. एका दिवसात गोळा व्हायचा, एका थैलीत जायचा आणि पूर्ण जायचा. जप्तीची नोटीस कशी दिसते हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं.

याला कारण सरकारची भीती नव्हती, पितरांची होती. आखाजीला घागर पुजायची, पितरांना जेवायला बोलवायचं, आणि ज्या जमिनीनं त्यांना पोसलं तिचाच सारा थकलेला, हे बरं दिसतं का? म्हातारे म्हणत, थकबाकीदाराच्या घरून पितर उंबऱ्यावरूनच माघारी जातात. सालदाराचा, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, हिशेब आखाजीला मिटतो, सावकाराचा मिटतो, मग सरकारचाच कशाला लोंबकळत ठेवायचा? इंग्रजाचं राज्य होतं तेव्हा हेच चाललं आणि आपलं आलं तेव्हाही हेच चाललं. पितरांना राज्य बदलल्याचं कोण सांगणार!

हा सारा गोळा करायचा अभिमन पाटील. गावचा मुलकी पाटील, बापापासून चालत आलेला. उंच, हाडकुळा, तोंडाचा जवळजवळ मुका. सगळं गाव त्याला आबा म्हणे. चावडीच्या ओट्यावर घोंगडी टाकून तो बसला की लोक येत, पैसे पुढ्यात ठेवत, दोन घटका गप्पा मारून निघून जात. पावती कोणी नेत नसे. तलाठी बिचारा पावत्या फाडून ठेवायचा अन् त्यांचा गठ्ठा चावडीच्या कोनाड्यात तसाच पडून राहायचा. नव्या तलाठ्यानं एकदा आग्रह धरला तेव्हा लोक हसले.

"आबानी मोजात ना? मंग झायं."

अभिमनला याचा अभिमान होता, आणि तो त्याच्या चेहऱ्यावर कधी दिसला नाही. तसं त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसायचं नाही. घरात तर त्याहून. बायको झुंबरबाई, तिच्याशी बैलाच्या वैरणीबद्दल बोलेल, पाहुण्यांबद्दल बोलेल, पैशाबद्दल चकार शब्द नाही. कापूस अमळनेरच्या जिनात किती भावानं गेला हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळायचं, झुंबरबाईला नाही. बाप तसाच होता, चुलते तसेच होते. बाईमाणसाला पैशाचं सांगायचं नसतं अशी त्या घराची रीत होती, आणि रीत म्हटली की शहाणी माणसंसुद्धा डोकं गहाण ठेवतात.

बावन्न साली पावसानं दगा दिला. बाजरी गुडघाभर वाढून करपली, कापसाची बोंडं झाडावरच वाळली. पीक किती आणे आलं याचा अंदाज, म्हणजे आणेवारी, सरकार दरवर्षी लावतं. त्या साली ती इतकी खाली गेली की अर्धा सारा तहकूब होणार, म्हणजे पुढच्या चांगल्या सालावर ढकलणार, अशी बातमी होती. पण बातमी होती, हुकूम नव्हता. हुकूम सरकारी पायांनी चालतो, अन् आखाजी काही त्याच्यासाठी थांबत नाही.

चावडीवर बैठक बसली. झुलाल नावाचा एक तरणा शेतकरी होता, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, थांबू या, अर्धाच भरू. म्हातारे गप्प बसले. तेव्हा कधी न बोलणारा अभिमन बोलला.

"राज आते आपलं शे. वाईट सालमा आपुन नही दिन्हं तं कोन दी?"

एवढं एक वाक्य. पण मुका माणूस बोलला की त्याचं वजन पडतं. गावानं कोणी शेळी विकून, कोणी भांडं मोडून पूर्ण सारा भरला. अभिमननं कोतवालाला बरोबर घेतलं, त्याला बाहेर बैलगाडीपाशी ठेवून थैली तालुक्याच्या तिजोरीत नेऊन टाकली, चलन, म्हणजे भरल्याची सरकारी पावती, घेऊन आला. आखाजीला पितर जेवून गेले. आणि पंधरवड्यानं हुकूम आला, अर्धा सारा तहकूब.

आता कोणी म्हणेल, मग बिघडलं काय? भरलेला अर्धा पुढच्या सालात धरायचा. तुम्हाला आम्हाला हे कळतं, कारण तुम्ही आम्ही कचेरीत बसत नाही.

कचेरीत झालं असं. हुकूम आल्यावर हिंगळवाड्याची मागणी मागच्या तारखेनं अर्धी करण्यात आली. वसूल मात्र पूर्ण. मग वरचे अकराशे रुपये कशाचे? ते घालायला खातं सापडेना, म्हणून एका कारकुनानं ते अनामत म्हणून टाकले. पुढच्या साली पीक बरं आलं तेव्हा दुसऱ्या कारकुनानं तहकूब झालेला अर्धा सारा मागणीत घेतला. पहिल्याचं मेज खिडकीजवळ, दुसऱ्याचं दाराजवळ. एका मेजावर गावाचे अकराशे पडलेले, आणि चार पावलांवरच्या मेजावरून त्याच गावाला तेच अकराशे मागणारा कागद निघाला.

अभिमन चलन घेऊन गेला. दाराजवळचा कारकून सभ्य होता, त्यानं बसायला सांगितलं.

"पाटील, ही रक्कम तहकूब होती ना?"

"होती."

"मग तहकूब झालेली रक्कम भरली कशी जाईल? जी मागितलीच नाही ती आम्ही घेतली कशी?"

"त्या मेजावर आहे, साहेब. त्यांनीच दाखवली मला."

"ती अनामत आहे. हा सारा आहे." कारकून समजुतीनं म्हणाला. "तुम्ही असं करा. चलन इथं द्या, मी ते प्रकरणाला जोडून धुळ्याला पाठवतो. वरून मंजुरी आली की रक्कम परत. तोवर गावाला भरायला सांगा, नाहीतर जप्ती निघेल. माझ्या हातात नाही."

अभिमननं चलन दिलं. अगदी सहज दिलं. गाव जसं त्याच्या हाती पैसे देत होतं, तसंच त्यानं सरकारच्या हाती ते दिलं, आणि पावती मागायचं त्याच्याही मनात आलं नाही.

गावात येऊन त्यानं सांगितलं, अर्धा सारा पुन्हा भरावा लागेल, मागचा परत येईल. लोकांनी कारण विचारलं. त्यानं मेजांची गोष्ट सांगितली. आता ही गोष्ट खरी होती यात शंका नाही, पण ऐकायला ती चोरानं रात्रभर बसून रचल्यासारखी वाटते. खिडकीजवळचं मेज, दाराजवळचं मेज! खरंच जर इतकं खोट्यासारखं असलं तर माणसानं करावं तरी काय? लोक जमिनीकडे बघत राहिले. शेवटी तो म्हणाला, "मी शे ना. परत लई देसू."

परत आणून देईन, या त्याच्या शब्दावर गावानं दुसऱ्यांदा पैसे दिले. अडून बसली ती एकटी भिकुबाई. ही म्हातारी विधवा, मूलबाळ नाही, नदीकडेला चार बिघे कोरडवाहू. तिच्या वाट्याला सहा रुपये अन् काही आणे येत होते. मोलमजुरीच्या बाईला सहा रुपये म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला कळतं. अभिमन स्वतः तिच्या दारी गेला, ओट्यावर बसला.

"अक्का, मन्हा शब्दवर दे. तुन्हा पैसा मी मन्हा हातखाल परत करसू."

माझ्या हातानं परत करीन, असं त्यानं बजावून सांगितलं. म्हातारीनं लुगड्याच्या गाठीतून पैसे काढले. तिला तो लहानपणापासून ठाऊक होता.

त्या दिवसापासून अभिमनच्या आयुष्यात एकच गोष्ट उरली. ते अकराशे रुपये गावात परत यायला हवे होते, आणि ते त्याच्या हातानं वाटले जायला हवे होते. पैशांसाठी नाही. गावाला कळावं म्हणून, की त्यानं ते खाल्ले नव्हते.

त्यात त्यानंच हिवाळ्यात एक बैलजोडी घेतली. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली, पांढरीशुभ्र, शिंगं कमानीसारखी. कापसाचे पैसे होते, चोख होते. पण कोणाला सांगणार? घरात सांगायची रीत नाही, आणि गावात कोणी विचारलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उभं राहिलं तर माणूस आपल्या तोंडानं चोर ठरतो. बैल गोठ्यात बांधले, झुंबरबाईनं ओवाळले. तिनं एवढंच विचारलं, "पैसानी सोय झायी?" तो "झायी" म्हणाला आणि हात धुवायला गेला. सरकार काय अन् अभिमन पाटील काय, हिशेब सांगायची सवय दोघांनाही नव्हती.

पुढच्या साली सारा गोळा करायला तो घोंगडीवर बसला तेव्हा झुलालनं पैसे ठेवले आणि हात पुढे केला. "आबा, पावती." आवाज चढा नव्हता. तलाठ्यानं पावती दिली, झुलालनं ती घडी करून टोपीत ठेवली. मागं उभ्या असलेल्यानंही मागितली. दुपारपर्यंत मागच्या सालांच्या पावत्याही लोकांनी शोधून नेल्या, कोनाडा रिकामा झाला. कोणी वाईट बोललं नाही, उलट त्या दिवशी लोक नेहमीपेक्षा जास्त नरमाईनं बोलले, आजारी माणसाशी बोलतात तसे. अभिमनला वाटलं होतं आपल्याला फार लागेल. तसं काही झालं नाही. हात बधिर झाला की चटका लागलेला कळत नाही, तेवढंच.

मग तो तालुक्याला जात राहिला. आधी गाडीनं, मग एसटी सुरू झाली तेव्हा एसटीनं. खिडकीजवळचा कारकून बदलला. नव्याला अनामतीचं काही ठाऊक नव्हतं. दाराजवळचा बदलला, त्याला चलनाचं काही ठाऊक नव्हतं. प्रकरण धुळ्याला होतं, मग मुंबईला होतं, मग पुन्हा धुळ्याला होतं. राज्याच्या हद्दी बदलल्या, कपाटं इकडची तिकडे गेली. आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हा एक कारकून म्हणाला, रक्कम आण्यांत आहे, आधी नव्या पैशांत अर्ज करा. अभिमननं केला. कोणी त्याला हाकललं नाही, कोणी लाच मागितली नाही. सगळे म्हणायचे, पाटील, तुमचं बरोबर आहे. इतकं बरोबर असून माणूस इतका चूक ठरतो, हे त्यानं तिथं पाहिलं.

गावात परतला की झुलाल पारावरून हाक मारायचा. "आबा, आज कोनता मेजवर शेत आमना पैसा?"

लोक हसायचे. पहिल्यांदा अभिमन थांबून खरंच सांगायचा. मग थांबायचं सोडलं. मग हाकही कानापर्यंत यायची बंद झाली. पुढं पुढं तर झुलालही कंटाळला. थट्टासुद्धा जुनी होते.

आणि सारा? तो आता आखाजीच्या आधी येईना. आधी चार घरं मागं राहिली, मग दहा, मग निम्मं गाव. जप्तीची नोटीस कशी असते ती हिंगळवाड्यानं पाहिली. पितर मात्र येऊन जेवून जात होते, त्यांनी काही तक्रार केली नाही. पंगतीत अभिमनच्या शेजारची जागा कोणी रिकामी ठेवली नाही, लग्नात त्याला टिळा लावायचं कोणी चुकवलं नाही. नवी बाजरी निघाली की त्याच्या घरी पहिली टोपली अजून यायची. फक्त त्याच्या हातात पैसा कोणी ठेवत नव्हतं. तलाठ्याच्या हातात ठेवायचे, आणि अभिमन शेजारी बसून बघायचा.

घरी तो जेवायचा, झोपायचा. झुंबरबाई वाढायची. कधी तालुक्याहून आल्यावर ती पाणी पुढं करून घटकाभर थांबायची, काही बोलेल म्हणून. तो लोटा रिकामा करून परत द्यायचा.

एकोणसाठ सालच्या हिवाळ्यात हुकूम आला. तलाठीच धावत घेऊन आला, बिचारा सहावा तलाठी, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. हुकुमात लिहिलं होतं की बावन्न-त्रेपन्न सालची मौजे हिंगळवाडे येथील जादा वसूल रक्कम चुकीनं अनामतीत राहिल्याचं आढळलं, ती खातेदारांना परत करावी. चुकीनं. एकच शब्द. अभिमननं तो तलाठ्याकडून दोनदा वाचून घेतला. वाट पाहिली होती त्या मानानं आत काहीच हललं नाही. त्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसेल.

चावडीवर गाव जमलं. तलाठ्यानं हुकूम मोठ्यानं वाचला. मग एकेकानं पुढं यावं, अंगठा उठवावा, आणि पैसे अभिमननं द्यावेत, असं ठरलं. लोक आले, पैसे घेतले, मोजले. कोणाला चार रुपये, कोणाला चाळीस. बरीच माणसं मेली होती, त्यांची पोरं आली, आणि त्यांना हे पैसे कशाचे तेही समजलं नाही. झुलालनं आपले मोजले आणि म्हणाला, "सात साल वापरात, व्याज नही दिन्हं का सरकारनी?" सगळे हसले. आबा, आम्ही चुकलो, असं कोणी म्हणालं नाही. म्हणेल असं अभिमनलाही आता वाटत नव्हतं.

भिकुबाई आली नव्हती. ती फार थकली होती, घराबाहेर पडत नसे. तिचे सहा रुपये अन् वरची चिल्लर मुठीत घेऊन तो एकटाच तिच्या दारी गेला. बाकी कोणाचं काही असो, ही एक रक्कम आपण आपल्या हातानं देणार म्हणून सांगितलं होतं, आणि ती आपण देतो आहोत. एवढं त्याला चालता चालता वाटलं. पुष्कळ दिवसांत काही वाटण्याची ती पहिलीच वेळ होती.

म्हातारी ओट्यावर उन्हात बसली होती. त्यानं पैसे पुढं केले. तिनं ते पाहिले, त्याच्याकडं पाहिलं.

"हाई काय रे भो?"

"तुन्हा पैसा, अक्का. साराना. सरकारनी परत दिन्हात."

"माले तं कवयंच मियनात ना." म्हातारी म्हणाली. "झुंबरनी लई दिन्हात, त्याच साले. तूच धाडेल व्हतात ना? आते दोनदा कसं लेऊ?"

म्हातारी खूश होती, ती सांगतच राहिली. पैसे तिला केव्हाच मिळाले होते, झुंबर संध्याकाळची आली होती, पदराखालून पैसे काढून दिले, म्हणाली, अक्का, पूर्ण मोजी ले, अन् मन्हा घरले शिव्याशाप देवू नको. मी कशाला देईन शाप, अभिमन माझ्या मांडीवर खेळलेला. अन् माणसाला अडचण येते रे, बैल घ्यायचे असतात, अमकं असतं. मी कोणाला सांगितलं नाही हो, आजपर्यंत नाही.

तिनं त्याची मूठ आपल्या हातानं मिटवली, पैसे आत ठेवूनच.

तो घरी आला. झुंबरबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. चावडीवरची बातमी तिच्यापर्यंत पोचली असावी, कारण तिनं मान वर केली नाही. त्यानं पैसे तिच्याजवळ, परातीच्या कडेला ठेवले.

"हाई तुन्हा. भिकुअक्कानी नही लिन्हात."

तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा तिनं ती उलटली.

"तूपना पैसा व्हतात मन्हा जोडे," ती म्हणाली. तूप विकून साठवलेले. "बठ्ठा गावले पुरतीन इतला नही व्हतात. पन रांडमुंड बाईना तळतळाट नको व्हता आपला घरवर."

अभिमन भिंतीला टेकून बसला. तिथूनच त्यानं विचारलं.

"तुले बी वाटनं, मी खादात?"

"तुम्ही माले सांगं का काही?" ती म्हणाली. मग आवाज खाली करून, "वाटनं. मंग काय करू? मन्हा माणूस शे, म्हनीसन भरी दिन्हात."

तिनं ताट केलं, भाकरी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार, नेहमीसारखं. त्याच्यापुढं ठेवलं आणि पाण्याचा तांब्या उजव्या हाताला सरकवला. अभिमन ताटाकडं बघत राहिला. त्याला आठवून पाहायचं होतं, या सगळ्या वर्षांत तिनं कधी ताट आपटलं होतं का, कधी तूप कमी वाढलं होतं का, कधी तोंड फिरवून निजली होती का. चोर समजून तिनं त्याला रोज दोन वेळ असंच जेवू घातलं होतं. एकदाही आठवेना.

मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, कारण ती बाजूला बसून वाट बघत होती.